पापणी

"सिमेंटच हल्ली भिकार येतं, त्याला मी काय करू? पऱ्या चकण्याच व्हायच्या!" सासरे पुटपुटले, साच्यातून निघालेल्या ओल्या जलपरीचे डोळे कोरून जेवायला गेले.

"हो ना, मामंजी," म्हणत सुनेनं मान डोलावली. ते परतेपर्यंत परीच्या गालावर घसरलेली पापणी तिनं ओल्या बोटानं बुजवली आणि, गेलं वर्षभर करत होती तशीच, पुन्हा जागेवर कोरली. नवऱ्यानं बघून न बघितल्यासारखं केलं. चाळीस वर्षं बागांसाठी पऱ्या घडवणाऱ्या बापाला तोंडावर सांगायची छाती कुणाची?

सासरे आले. त्यांनी परीच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि डोळ्यापाशी बोट थांबलं.



"पापणी माझ्याहून छान काढलीस, पोरी. हाताला कळतंय, डोळ्यांना आता काहीच दिसत नाही."