नंतर आलेल्याचं नाव

चेन्नईच्या ऑफिसात काम अडलं होतं. हॉस्पिटलच्या स्कीमाने, म्हणजे माहितीच्या आराखड्याने, विमा कंपनीचा स्कीमा आयात केलेला. दोन्हीकडे ‘पेशंट’ हेच नाव, आणि कोड लिहिणारं टूल एकाला पुसून दुसरा लिहीत होतं.

“नंतर आलेल्याचं नाव बदल, तेन्मोळी,” मॅनेजर मणिवण्णन म्हणाला.

“त्याचा काय गुन्हा, सार? दोघांची नेमस्पेस वेगळी, म्हणजे घराणी वेगळी. टूलला तेवढं सांगते. नाव कुणाचंच बदलायला नको.”

संध्याकाळी टूल निमूट चाललं. मणिवण्णन कौतुकाने बघत राहिला. त्याच्या आईचं नाव वडिवू. बायकोचंही तेच, म्हणून लग्नात तिची गीता केली होती.

त्याने ऑफिसच्या फोनवरून घरी फोन लावला. बायकोने उचलला.

“वडिवू?”

“सासूबाई देवळात गेल्यात. आपण कोण?”