तांडेलाची लॉरी

पालीच्या पुढच्या चढणीवर लॉरी तिसऱ्यांदा थांबली. महिपत ड्रायव्हर उतरला, चाकामागे दगड सरकवला आणि तोंडातून वाफ सोडणाऱ्या गाडीकडे बघत उभा राहिला. माघातलं ऊन डोक्यावर आलं होतं. अजून सगळा आंबा घाट चढायचा होता.

"ओ तांडेल, खाली या जरा. काय काय घातलंय ह्यात, बघू द्या मला."

दादू तांडेल मागून उतरला. सगळी हयात गलबतं हाकण्यात गेलेला. त्या काळी रत्नागिरीहून मिरजेला जायचं म्हणजे वाटेत एखाददुसरा मुक्काम धरूनच माणसं निघत. दादूने तीन मुक्कामांना पुरेल एवढं सामान धरलं होतं. कोल्हापूरला गूळ भरायला रिकामी निघालेली ही लॉरी त्याने ठरवली आणि दोन दिवस खपून गलबतासारखी बांधून काढली. वर बांबूच्या कमानी, त्यांवर जुनं शीड. कडेला पाण्याचं पिंप, मातीची चूल, लाकडं, तांदळाची गोण, सुके बांगडे, दोन कंदील, दोराची वेटोळी, मोडतोड झाली तर जादा वासे. मधोमध शिडाच्याच कापडाची झोळी, चार दोरांवर टांगलेली. झोळीत त्याची बायको सगुणा निजली होती. तिच्या पोटात गाठ होती. सोमवारी सकाळपर्यंत मिरजेला इस्पितळात न्या, त्यापुढचं मी सांगू शकत नाही, असं डॉक्टर म्हणाला होता. आज शनिवार.

महिपतने वर चढून चटई उचलली. खाली जांभ्याचे चिरे होते. ओळीने, घट्ट बसवलेले. अठरा.

"ह्ये काय हाय?"

"भार. तू जेवायला गेलास तेव्हा घातला. तळाला भार नको? घाटात कलंडली म्हंजे?"

"गाडी हाय ही तांडेल! गलबत न्हवं!" महिपत हसत सुटला. हसता हसता खाली उतरून रस्त्यातच बसला. मग हसू गेलं. "आन म्या सकाळधरनं इंजनाला शिव्या घालतोय."

"मेल्या घाट्या, तुला वाऱ्याचं काय कळतंय," दादू म्हणाला. पण त्यात जोर नव्हता.

दोघांनी चिरे उतरवले. लॉरी दोनशे पावलं गेली आणि पुन्हा धापा टाकत थांबली.

आता दादूने स्वतःच हात घातला. पिंपातलं पाणी गाडीला पाजलं, उरलेलं ओतून दिलं. वासे काढले. कंदील काढले. चुलीजवळ मात्र तो घुटमळला.

"तिला गरम पेज लागते," तो म्हणाला. "दर दोन तासांनी."

"साखरप्यात मिळंल की पेज. माणसं ऱ्हात्यात तिथं."

चूल उतरली, तांदळाची गोण उतरली. लाकडांना हात लागला तेव्हा झोळीतून सगुणेचा आवाज आला. आवाज बारीक झाला होता, पण धार तीच होती.

"अवो, एवढी लाकडं? मी वाटेत मेले तर म्हणून घेतलीत काय?"

दादूने मोळी उचलली आणि दूर दरीच्या बाजूला भिरकावून दिली. महिपत मान वळवून चाक बघू लागला.

"आता ही झोळी तेवढी राहू दे," दादू म्हणाला. "तिला वजन नाय. धक्का लागत नाय तिला झोळीत."

"वैनी दोनदा ओकल्या, तांडेल. आरशात बघितलं म्या, तुमची नजर रस्त्यावर हुती. लुगड्याच्या पदरात बांधून ठेवलंय त्यांनी."

दादू झोळीजवळ गेला. झोक्यांनी सगुणेचं तोंड हिरवटलं होतं. तीस वर्षं तांडेलाची बायको होती, पण होडीत तिने कधी पाय ठेवला नव्हता.

"बोलली नाहीस गो?"

"तुमी दोन दिवस बांधत होतात." तिने डोळे मिटले. "माघात तुमी कधी घरी नसता. अंगणात बसून गाठी मारत होतात. मला बघायला बरं वाटत होतं."

दादूने तिला उचलून चटईवर ठेवलं. गाठी सोडायला बसला असता तर वेळ गेला असता, त्याच्या गाठी तशा सुटणाऱ्या नव्हत्याच. त्याने कमरेचा सुरा काढला. उभ्या जन्मात त्याने चांगला दोर कापला नव्हता. चार दोर कापले आणि झोळी खाली टाकून दिली.

लॉरी सुरू झाली. कुरकुरली, पण चढू लागली. मागे वळणावर चूल, पिंप, गोण, कंदील तसेच राहिले. कुणा बाईने नुकताच संसार मांडावा आणि पाण्याला जावं, तसे.

लॉरीत आता चटई होती आणि दोन माणसं. रस्त्याला खड्डे होते. पहिल्या खड्ड्याला सगुणेने दात आवळले. दादू इकडेतिकडे बघू लागला. हाताशी काहीच उरलं नव्हतं. मग तो फळीला पाठ लावून बसला, पाय फाकले, तिला पुढ्यात ओढून घेतलं आणि दोन्ही हात तिच्या पोटाखाली धरले. खड्डा आला की तो तिला अंगाशी उचलून धरी, गेला की हळूच सोडी.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "दुखतंय?"

"दुखतंय."

त्याचे हात दचकून सैल झाले.

"अवो," सगुणा म्हणाली, "हात काढू नका."