धुऱ्यावरचा हुरडा

“तिथं नाई, इकडं बस. धुऱ्याले टेकून. तवा अशीच बसत होती तू,” देवमन म्हणाला.

सुभद्रा गुडघ्यावर हात टेकवत उठली आणि त्यानं दाखवलेल्या जागी बसली. पस्तीस वर्षांपूर्वी ती पातूरजवळच्या या गावात मामाकडे यायची. मामाचं आणि देवमनचं वावर शेजारीशेजारी. मधल्या धुऱ्यावर, त्या बांधावर बसून ती भाजलेली कणसं चोळायची आणि हुरड्याची पहिली मूठ त्याच्या हातावर ठेवायची. पुढं तिला अमरावतीला दिलं, देवमननंही संसार केला. आता त्याची बायको नव्हती. सुभद्राचा नवराही गेला होता, ती अकोल्यात मुलाकडे राहत होती. वर्षभर दोघं फोनवर बोलत होते. आज तिनं पहिली मूठ हातावर ठेवली की ‘आता इथंच राहा’ म्हणायचं, असं देवमननं पक्कं केलं होतं.

त्यासाठी त्यानं सोयाबीनच्या मधोमध ज्वारीचा एक तुकडा पेरला. शिवारात दुसऱ्या कुणाचीच ज्वारी नव्हती, त्यामुळे साऱ्या मुलखाची पाखरं त्याच्याकडेच जेवायला आली. देवमन डबा बडवून बडवून हैराण झाला. गावानं हसून घेतलं. सगळं मनासारखं जुळेपर्यंत तो सुभद्राला बोलावणं पुढं ढकलत राहिला आणि तेवढ्यात दाणाही निबर होऊन बसला. तरी आज ती फाट्यावर बसमधून उतरल्याबरोबर त्यानं तिला थेट वावरात आणलं. तिची जड पिशवी अजून मोटारसायकलच्या हँडललाच लटकत होती.

“घर कोणतं तुमचं? इथून दिसते का?” सुभद्रानं विचारलं.

“घर मंग पाहू. आधी हुरडा.”

त्यानं पेटवलेल्या आगटीत भाजलेलं कणीस तिच्या हातात दिलं. तिला चटका बसला, कणीस मातीत पडलं. दुसरं दिलं, तर तिची बोटं वळेनात.

“वाताचा तरास आहे,” ती म्हणाली. “नळाले पाणी कवा येते, देवमनजी? अन् रातच्यानं लाइट राहते का?”

देवमनचं टाळकं सरकलं. तेव्हाची सुभद्रा असलं काही विचारायची नाही, नुसती हसायची.

“देवमनजी काय म्हणतेस? देवा म्हणत होती तू मले.”

“तवा पोरगी होती मी.”

शेवटी त्यानं स्वतःच कणीस चोळलं, दाणे तिच्या मुठीत भरले आणि आपला हात पुढं केला. तिनं त्यावर मूठ रिकामी केली. देवमननं दाणे तोंडात टाकले. ते दातांना दाद देईनात. त्यानं डोळे मिटून पाहिलं, काहीच झालं नाही. तो बाजूला थुंकला.

“तवासारखं नाई जमून राहिलं,” तो वैतागून म्हणाला. “पुढच्या साली नीट पेरतो. तवा ये.”

 सुभद्रा पदर झटकून उठली.

“बस कवा आहे?”

फाट्यावर बस लागलीच आली. देवमननं पिशवी उचलून खिडकीतून तिच्या मांडीवर ठेवली, तेव्हा त्याचा खांदा भरून आला.

“हुरडा खाले येतानी एवढं काय भरून आणलं?”

“साड्या, चादर, बीपीच्या गोळ्या,” पिशवी जवळ ओढत सुभद्रा म्हणाली. “राहाले आली होती मी.”