दार लावून बसायचा दिवस

औशात आमचं ज्यूंचं एकच घर. योम किप्पूरला दिवसभर दार लावून, पांढरे कपडे घालून आम्ही उपाशी बसायचो. पप्पा म्हणायचे, "आदल्या दिवशी आपली गेलेली माणसं घरी येतात. सण संपला की परत जातात." बाहेर पोरींचा खेळ ऐकू यायचा आणि मला त्या बंद दाराचा राग यायचा.

पप्पा गावच्या शाळेत मास्तर होते. त्यांना जाऊन चार महिने झाले. यंदा दार लावून एकटीला बसवेना. सकाळीच मी ते सताड उघडलं.

समोरच्या शिवम्मा मावशी पदर खोचत आल्या.

"मोझेल, लई शिकलीस म्हणून असं? आज दार उघडं टाकतेत का?"

"मावशी, आत आहे कोण आता? एकटीच तर आहे मी."

"एकटी कशी? कोण येतंय ते मास्तर मला दरसाल सांगायचे." त्यांचा आवाज खाली आला. "यंदा ते पहिल्यांदा पाहुणे होऊन आलेत. बस त्यांच्यापाशी. बाहेर मी हाय."

आणि बाहेरून त्यांनीच दार ओढून घेतलं.