अनुसयाबाई टापू देत नाही

अनुसयाबाईनं पुन्हा एकदा नाही म्हटलं, तेव्हा हिमांशूला मनापासून आनंद झाला. पहिल्याच फटक्यात हो म्हणणाऱ्या बाईपुढं कसली आली परीक्षा?

परीक्षाच होती ती. हिमांशूची कंपनी समुद्राच्या तळाशी इंटरनेटच्या केबल टाकायची. आता दोन देशांच्या मधल्या एका चिमुकल्या बेटावर दोन्हीकडून केबल चढवायच्या होत्या आणि बेटावरचे लोक ऐकत नव्हते. त्यांना राजी करायला कोणाला धाडायचं, हे ठरवण्यासाठी साहेबांनी अर्जुनी मोरगावकडचा एक तलाव हेरला. मधोमध टापू, अलीकडे एक गाव, पलीकडे दुसरं. झाले दोन देश. बेटावरचे लोक म्हणून झाडीपट्टीतले नाटकवाले ठरवले. ते शिव्या देतील, हाकलतील, काहीही करतील, असं साहेबांनी बजावलं होतं. जो माघार न घेता होकार आणेल, तो खऱ्या बेटावर जाईल. तोवर फोनला हात लावायचा नाही.

गोंदियात वाढलेल्या हिमांशूनं समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. आज होकार नाही मिळाला, तर पुढंही तिथंच पाहावा लागणार होता.

अनुसयाबाई झोपडीपुढं बसून शिंगाडे सोलत होती. हिमांशूनं तिला नीट न्याहाळलं. मानलं पाहिजे बाईला. तळव्यांना भेगा, लुगड्याला चिखल, अंगाला मासळीचा वास. शेजारी तिची सून रेणू जाळं सांधत बसली होती. तिनं तर तो आल्यापासून मानसुद्धा वर केली नव्हती. एवढा संयम भल्याभल्या नटांना जमत नाही.

त्यानं पुन्हा पहिल्यापासून समजावलं. केबल पाण्याखालून येणार, मासळीला धक्का नाही, टापूवर फक्त एक नाली खणायची आणि एक छोटी पक्की खोली बांधायची. दोन्ही देश राजी आहेत.

“कोणते दोन?” बाईनं विचारलं.

हिमांशूनं आधी अलीकडचा काठ दाखवला, मग पलीकडचा.

“तिकडं माही बहीण देली हाय,” बाई म्हणाली. “तं ते परदेशात रायते म्हण की.”

हिमांशू हसला नाही. हसला असता तर गुण कापले गेले असते.

मग त्यानं जन्मभर फुकट नेट देऊ केलं. रेणूला नोकरी देऊ केली. शेवटी खोलीला बाईचं नाव द्यायलाही तो तयार झाला. बाई म्हणाली, तुह्या आजीचं दे, आणि खोलीही तिच्याच अंगणात बांध. तेव्हा रेणूनं पहिल्यांदा तोंड उघडलं. याले पोहता येते का, एवढंच तिनं सासूला विचारलं, आणि पुन्हा जाळ्यात मान घातली.

गोडीगुलाबी संपली की कडक व्हायचं, असं त्यांना शिकवलं होतं. हिमांशू उभा राहिला. शर्ट खाली ओढला. उद्या सकाळी मशीन येईल, तो म्हणाला. झोपडी जाईल. काठचे शिंगाड्याचे वेल उपटले जातील. तुम्ही हो म्हणा की नाही, दोन्ही देशांचं ठरलं आहे.

बाईच्या हातातला शिंगाडा खाली पडला. हिमांशूच्या हातून टाळी वाजता वाजता राहिली.

“माहा मालक याच पाण्यात गेला,” ती म्हणाली. “लोक म्हणे, सोड टापू. तवा नाही सोडला. आता तुह्या तारेसाठी सोडीन का? या पाण्यात काय उतरन, ते पाण्यात उतरनारा सांगन. काठावरचा नाही सांगनार.”

हे ज्यानं कोणी लिहिलं होतं, त्याच्या पाया पडायला हवं होतं. तो खाली वाकून हळूच म्हणाला, “मावशी, एकदम जबरदस्त करून राहिल्या तुम्ही.”

“अजून केलं कोठं,” बाई म्हणाली.

तिनं तोंडाला दोन्ही हात लावून हाळी दिली. आधी अलीकडच्या काठावरून डोंगे सुटले, मग पलीकडच्या. दोन्ही देशांचं आरमार एकदमच निघालं. डोंग्यांत बायाच बाया, हातात वल्ही. या दोन गावांचं मासळीवरून पटत नव्हतं, हे उतरता उतरता त्यांनी एकमेकींना ऐकवलंच. पण मशीनचं कानावर आलं, तशा सगळ्या एका बाजूला झाल्या आणि हिमांशू दुसऱ्या बाजूला उरला. कंपनीनं खर्चाला हात आखडला नव्हता, हे बघून त्याला बरं वाटलं.

माघार घ्यायची नव्हती. त्यानं मशीनचं वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी जास्त खणखणीत.

रेणूनं त्याला झाडाला बांधलं. दोर जाळ्याचाच होता, ओला. त्यानं नम्रपणे जरा सैल करायला सांगितलं, तर तिनं आणखी एक वेढा दिला. तुहा सायब इथं येऊन टापूले हात लावनार नाही म्हनते, तोवर राय उभा, असं बाईनं सुनावलं. मशीन येणारच, हिमांशू म्हणाला. आपलं काम आज फारच उत्तम होतंय, असं त्याला वाटलं.

खिशात फोन पुन्हा घुंघुं करायला लागला. आत्ता घ्यायचा नाही, नियम आहे, हे त्यानं सांगून पाहिलं. बाईनं फोन काढला, रेणूकडून सुरू करून घेतला आणि त्याच्या कानाला लावला.

“हिमांशू, अरे सकाळपासून फोन लावतोय,” साहेब म्हणत होते. “नाटकवाल्यांचा काल दरेकशाला प्रयोग होता, त्यांची गाडी तिथंच बंद पडली. परीक्षा रद्द. तू टापूवर जाऊ नको, तिथं आज आपलं कोणीच नाही.”