दाराचा खांब

ताईने सीटचं कव्हर उसवलं आणि तिचा हात तिथेच थांबला. वरच्या नव्या कापडाखाली जुनं कापड होतं. त्यावरची दुहेरी शिवण तिची स्वतःची होती.

"डावऱ्या," ती म्हणाली, "ही तीच गाडी."

डावऱ्या पलीकडे गुडघ्यांवर बसून दाराचा पत्रा सोडवत होता. तो तिचा धाकटा भाऊ. लाकूडकाम त्याचं, गाद्या तिच्या, असा दोघांचा कारखाना. गाडी सकाळीच आली होती. रंग नवा, मालकही नवा. "वळणावर गाडी स्वतःच दार उघडून देते, नोकर ठेवायला नको," असं सांगून मालक खो खो हसला होता. डावऱ्यापण हसला होता.

या जुन्या गाड्यांचा सांगाडा लाकडाचा. पत्रा म्हणजे नुसता वरचा अंगरखा. आतले सांधे सरसाने चिकटवलेले, तो शिजवून गरमगरम लावायचा. सरस धरून आहे तोवर गाडी धरून आहे. याच गाडीच्या याच दाराचा खांब एका वळणावर सांध्यातून सुटला होता. दार उघडलं होतं आणि चिमी बाहेर फेकली जाऊन जागीच गेली होती. ताईची एकुलती एक लेक. काम झालेली गाडी चालवून बघत होता चिमीचा बाप.

भावजी. तेव्हा तेही इथेच काम करायचे. दारं भावजींची, छप्पर डावऱ्याचं, अशी वाटणी होती. त्यामुळे सांधा कुणाचा, हे कुणी विचारलंच नाही. भावजी आपणहून म्हणाले होते, "माझाच." बस, तेवढंच. ताईने त्यांना घराबाहेर काढलं. डावऱ्या तर अंगावर धावून गेला. त्यांची हत्यारांची पेटी त्याने उचलून रस्त्यावर भिरकावली. पटाश्या गटारापर्यंत उडाल्या. भावजी वाकून एकेक गोळा करत राहिले आणि हा वरून शिव्या घालत राहिला.

"बोलव त्याला," ताई म्हणाली.

"कशाला ताई, उगाच..."

"बोलव म्हणते ना! आपल्या हातचं काम आपल्या डोळ्यांनी बघू दे एकदा."

डावऱ्याने फोन लावला. मग उरलेला पत्रा काढला. मधल्या काळात कुणीतरी सांध्यावर लोखंडी पट्टी ठोकून वेळ मारून नेली होती. आत डोकावायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. पट्टी निघाली तसे खांबाचे दोन तुकडे सुटे होऊन हातात आले. आत सरस तसाच होता. पिवळा, काचेसारखा. लाकडात मुरलाच नव्हता. लावल्या लावल्या सांधा दाबायचा असतो. लावून टंगळमंगळ केली की सरसावर साय धरते. मग कितीही आवळा, तो नुसता चिकटल्याचं सोंग करतो.

"गाढव," डावऱ्या पुटपुटला. "गार करून बसवलाय."

त्याने नखाने एक पापुद्रा उडवला. खाली लाकडावर रेघा होत्या. सरस नीट धरावा म्हणून करवतीच्या तुटक्या पात्याने तिरक्या रेघा ओढतात, त्या. सगळेच ओढतात. उजव्या हाताच्या माणसाच्या एका बाजूला कलतात. या उलट्या कलल्या होत्या.

कारखान्यात डावखुरा एकच होता.

मग त्याला आठवलं. भावजी तापाने फणफणले होते. "तेवढा एक खांब उरकून टाक रे," असं सांगून घरी गेले होते. आणि हा पठ्ठ्या सरस लावून, ब्रश हातात धरून दारात उभा, शेजारच्या गॅरेजवाल्याशी मॅचवरून भांडत. मग येऊन सांधा बसवला आणि दिला आवळून. एवढंसं काम. संध्याकाळपर्यंत विसरूनही गेला होता.

ताई तिकडे मशीनवर बसली होती. सांगायचं. आत्ताच्या आत्ता सांगून टाकायचं. तो उठलासुद्धा.

दारात भावजी उभे होते. केवढे वाळले होते! अंगातला शर्ट दुसऱ्याच कुणाचा वाटत होता.

"या, कारागीर," ताई मान वर न करता म्हणाली. "तुमचं काम परत आलंय. डोळे भरून बघून घ्या."

भावजी खाली बसले. सांधा बघितला. रेघा बघितल्या. मग डावऱ्याकडे बघितलं. त्यांनी त्याच्या हातातली पटाशी काढून घेतली आणि खरवडायला लागले. पिवळा सरस उडाला, त्याच्यासोबत रेघाही गेल्या. खाली कोरं लाकूड उरलं.

"दिसलं?" ताईने विचारलं.

"दिसलं. माझाच हात."

"मग निघा."

"ताई, अगं ते..."

भावजींनी डावऱ्याचं मनगट धरलं आणि करकचून दाबलं. ताईने मशीन सुरू केलं होतं. खडखडाटात तिला काही ऐकू गेलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" डावऱ्याने हळूच विचारलं. "मी पेटी फेकली तेव्हापण? मग तोंड का नाही उघडलंत?"

भावजींनी लाकडावरचा भुगा फुंकला. पटाशी परत त्याच्या हातात ठेवली.

"गाडी माझ्या हातात होती. मी तिच्या मनातून उतरणारच होतो. तूपण उतरला असतास, तर ती कुणाकडे बघून जगली असती?"