बाटलीवरचं नाव

ओहोटीच्या वाळूत शेवंताताईंना सापडलेली हिरवट बाटली गावात कुणालाच ओळखता येईना. गळ्यात गोटी अडकलेली, अंगावर झिजलेली उठावाची अक्षरं. शेवटी त्या बंदरावरच्या याकूबचाचांकडे गेल्या. चाचांची हयात सोड्याच्या धंद्यात गेली होती. आता दिसत मात्र नव्हतं.

चाचांनी बाटली मांडीवर घेतली. अक्षरांवरून फिरणारी बोटं मध्येच थबकली.

"ताई, हे माझं नाव आहे."

"तुमचं?"

"मी जन्मलो तेव्हा अब्बांनी सोड्यासाठी माझ्या नावाच्या बाटल्या घडवून घेतल्या. त्या आणायला मुंबईला गेले. येताना गलबत बुडालं. एकही बाटली घरी आली नाही. अब्बाही आले नाहीत."

त्यांनी बाटली हलवली. गोटी किणकिणली. अंगाई ऐकावी तसे चाचा कितीतरी वेळ ऐकत राहिले.

"कुठे सापडली? मला तिथे घेऊन चला."

ताईंनी हात धरून त्यांना पाण्यापर्यंत नेलं. लाटा पावलांवरून येत-जात होत्या. अब्बांना कबर नव्हती; त्यांच्या आत्म्यासाठी फातिहा पढायचा तर कुठे उभं राहून, हे सत्तर वर्षं चाचांना उमगलं नव्हतं. आज त्यांनी समुद्राकडे तोंड केलं आणि दोन्ही हात उचलले.